क्लेफ्ट म्हणजे काय

माह्या पोरीच्या दवाखान्याच्या कागदावर एक इंग्रजी शब्द होता. मले तो वाचता येत होता, एकेक अक्षर जोडून, सी एल ई एफ टी, पण समजत नव्हता, अन् जे समजत नाही ते घरात असलं का मले धाक वाटते. आता बी वाटते, मोबाईलवर इंग्रजी मॅसेज आला का आधी मोबाईल पालथा ठेवते अन् मंग मी मॅसेज उघडते. नववीतून शाळा सुटली माही. इंग्रजीत मी ढ नव्हती, धडे पाठ होते, पण अर्थ कोणी विचारला नाही अन् मी बी कोणाले विचारला नाही. तो कागद मी चार घड्या घालून तांदळाच्या डब्यामांगं ठेवला होता, अन् दिवसातून एकदा तरी हात घालून पाहायची का आहे ना जाग्यावर, जसा तो उठून कोणाजवळ जाऊन सर्वं सांगून देईन.

पोरगी झाली ती अमरावतीच्या दवाखान्यात, होळीच्या आदल्या दिवशी. पहिलं बाळंतपण माहेरी असते म्हणून मी चांदूर बाजारले आईजवळ होती, कळा सुरू झाल्या अन् तिथून अमरावतीले नेलं. सिस्टरनं मले लेकरू दाखवलं ते पायाकडून. मी पाय पाह्यले, हात पाह्यले, बोटं मोजली, तोंडावर दुपट्याचा कोपरा होता तो बाजूले करायले गेली तं सिस्टर म्हणे घाबरू नका बाई, याचं ऑपरेशन होते. म्हणजे ऑपरेशन मी आधी ऐकलं अन् तोंड मंग पाह्यलं. वरचा ओठ डाव्या बाजूनं नाकापर्यंत उघडा होता, कोवळी शेंग उकलावी तसा, अन् आत टाळू बी पूर्ण नव्हती. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती, तिनं पाह्यलं, पाण्याची बाटली उचलली अन् भरायले गेली, अन् लय वेळ आलीच नाही.

दूध ओढता येत नव्हतं तिले. तोंड लावायची, नुसती हवा जायची, अन् गेलेलं दूध नाकातून यायचं, मी घाबरून तिले खांद्यावर घेऊ का उताणी करू असं व्हायचं. वाटीत काढायचं अन् चमच्यानं पाजायचं, एका वाटीले पाऊण तास. आईनं डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, पातळ वरणात तुपाची धार सोडून देल्ली, मी खाऊन राहिली, मले दूध येऊन राहिलं अन् लेकरू उपाशी. बाळंतिणीले पाहायले बाया येतात आमच्याकडं, बसतात, पोरगी कोणावर गेली त्याच्यावर भांडतात. कोणीच आलं नाही, कावून का त्याच महिन्यात सर्वं बंद पडलं, एसटी बंद, बाजार बंद, जिल्ह्याची हद्द बंद. आई म्हणे बरंच झालं. हे अकोटले, माह्या सासरी, आधी कामावरून सुट्टी नाही अन् मंग बंदीत अडकले, म्हणून ह्यायनं पोरगी पाह्यली ती फोनवर, अन् मी फोन असा धरायची का कपाळ अन् डोळेच दिसतीन. हे म्हणत थोडा खाली घे ना, मी म्हणायची रेंज जाते. चार दिवस मी रेंजवर ढकललं, मंग आईनंच ह्यायले अन् अकोटच्या सर्व्यायले सांगून टाकलं.  ह्यायनं मंग विचारलं, दुखते का तिले. मी म्हटलं नाही. एवढंच बोलणं झालं त्याच्यावर.

चार महिन्यानं पास काढून मले अकोटले आणलं. दोन खोल्या, पुढं ओसरी, अन् मांगच्या भिंतीपलीकडं जिनिंग. हे तिथंच फिटर. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला का रेचे चालू होतात, रेचे म्हणजे कापसातून सरकी काढायच्या मशिना, अन् त्यायच्या आवाजानं फळीवरचे गिलास सुद्धा बारीक वाजत राहतात. नवीन माणसाले डोकं दुखते. मले ते बरं वाटायचं, घरात कोणी बोलत नसलं तरी काईतरी चालू आहे असं वाटायचं. रुईचा कण उडून येते, वाटीतल्या दुधावर बसते, मी तो बोटानं काढायची अन् परत चमचा भरायची. हे यायचे तं भुवया पांढऱ्या झालेल्या. झुणका-भाकर खायचे, पोरीच्या पायाले गुदगुल्या करायचे अन् बसल्या जागी झोपायचे. गल्लीत निघाली का सर्व्यायच्या तोंडाले मास्क, तेवढ्या दिवसात मले बाहेर जायले भेव वाटलं नाही. सर्वंच तोंड झाकून होते, मी दुपट्यानं माह्या पोरीचं झाकलं तं कोणी विचारणार नव्हतं.

आता मले ते लिहायचं आहे जे मी तवा कोणालेच सांगतलं नव्हतं. 

आमच्याकडं सासऱ्याले मामाजी म्हणतात अन् सासूले आत्याबाई. सून मामाजीशी बोलत नाही. भांडण नाही काई, रीतच तशी. मामाजीले काई पाह्यजे असलं तं ते भिंतीले सांगत. 'चहा असन तं होऊ द्या म्हणा.' कोणाले म्हणा ते भिंतीलेच माहीत. मी डोक्यावर पदर घेऊन कप उंबऱ्यावर ठेवायची अन् बांगड्या वाजवायची, का ते समजून जात. दीड वर्ष असंच चाललं होतं अन् कोणाचं काई अडलं नव्हतं.

पोरगी पोटात होती, सातवा महिना. संक्रांतीच्या अगुदर एका सकाळी ग्रहण होतं. पोटुशी बाईनं ग्रहणात काई कापू नये, चिरू नये, शिवू नये, कापलं तं लेकराचा ओठ कापते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आत्याबाईनं सकाळीच कैची, विळी, सुईदोरा, ब्लेड सर्वं टोपल्यात घालून वर फळीवर ठेवलं, मले आतल्या खोलीत बसवलं, पाय सरळ ठेव म्हणे, अन् दोन मिनिटात येतो म्हणून पलीकडच्या घरी गेल्या. तेवढ्यात ग्रहण लागलं. ग्रहणात बाहेर कोण निघते, त्या तिथंच बसल्या. टोपल्यात घालायची एक वस्तू राहिली होती, मामाजीचा अडकित्ता. तो त्यायच्या पानाच्या डब्यात असे. त्यायचा उजवा हात लकव्यानं गेलेला, सुपारी घरचं कोणी कातरून देई. ओसरीवरून आवाज आला, 'सुपारी असन तं कातरून द्या म्हणा.' त्यायच्या ध्यानातच नव्हतं. अन् मी काय करू. मले सांगायचं होतं का मामाजी ग्रहण आहे. पण जे तोंड दीड वर्षात त्यायच्यापुढं उघडलं नाही ते पहिल्यांदा नाही म्हणायले कसं उघडू. बांगड्या वाजवून हो म्हणता येते, नाही म्हणता येत नाही. मी गप राहिली. ते परत म्हणाले, थोडं मोठ्यानं. मी हात लांब करून उंबऱ्यावरून डबा ओढला, अडकित्ता घेतला अन् एक सुपारी कातरली, चार-पाच वेळा आवाज झाला असन, पोटात पोरगी हलली. उंबऱ्यावर ठेवली. त्यायनं हात पुढं केला, अन् बाहेरचं ऊन मळकट झालेलं दिसलं असन, हात तिथंच थांबला. सुपारी उंबऱ्यावर तशीच राहिली. ग्रहण सुटल्यावर ती मीच केरात टाकली. माह्या आईनं फोनवर पोरीच्या ओठाचं सांगतलं त्या दिवसापासून मामाजीनं सुपारी सोडली. आत्याबाई फोनवर सर्व्यायले कवतिकानं सांगत, नात झाली अन् चाळीस वर्षाची सवय सुटली माणसाची. मी मान खाली घालून ऐकायची.

समोर इंगळे मॅडम राहत, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. शाळा बंद होत्या तं मॅडम ओट्यावर बसून मोबाईलवर पोरायले शिकवत, अन् पोरं उत्तरं देत नसली का माह्याकडं पाहून हासत. एक दिवस मी पोरीले कडेवर घेतलं, तो कागद काढला अन् म्हटलं मॅडम, हा शब्द सांगता का. मॅडमजवळ पुठ्ठा निघालेली जाडी डिक्शनरी होती. त्यायले आनंद झाला, कावून का चार महिन्यात त्यायले कोणी शब्द विचारला नव्हता.

'क्लेफ्ट,' मॅडम म्हणे. 'जुन्या इंग्रजीतला शब्द आहे, क्लीव्ह. म्हणजे फोडणं, चिरणं, दोन भाग करणं. लाकूड फोडतात ते क्लीव्ह. खाटकाचा सत्तूर असते ना, तो क्लीव्हर. अन् चिरून झालं का ते क्लेफ्ट, चिरलेलं.'

मॅडम पुढं बी सांगत होत्या. गाईचा खूर दोन भागात असते त्याले बी ह्याच घरातला शब्द लावतात म्हणे, हनुवटीले खळगी असली तं तिले क्लेफ्ट म्हणतात अन् ती तर सुंदर मानतात, अन् माणूस पेचात सापडला का चिरलेल्या काठीत अडकला असं म्हणतात. मले फक्त सत्तूर ऐकू आला. मी विचारलं, मंग चिरलं कोणं? मॅडम हासल्या. 'अवं, शब्द आहे तो. त्याले काय विचारतं कोणं चिरलं म्हणून.' अन् पोरीच्या गालाले हात लावून म्हणे डोळे तं पहा कसे आहेत.

मी घरी आली अन् कागद परत तांदळाच्या डब्यामांगं ठेवला. तोपर्यंत मी मनाले म्हणत होती का ग्रहणाचं बाया बोलतात, खरं असन नसन. पण हा शब्द आमच्या गल्लीतला नव्हता. आमच्या बायांले ओळखत नसलेल्या, सुपारी न पाह्यलेल्या लोकायनं शेकडो वर्षापूर्वी ठेवलेला शब्द, अन् तो बी तेच म्हणत होता. चिरलेलं. डाक्टरनं अमरावतीले पोरीचं तोंड पाहूनच ओळखलं अन् लिहून ठेवलं, असं मले वाटलं. मले हासा आता, मी बी हासते कधी कधी. तवा मी एकवीस वर्षाची होती अन् विचारायले कोणी नव्हतं.

त्यानंतर ह्यायनं अकोल्याच्या दवाखान्यात दोनदा नंबर लावला अन् दोन्ही वेळा मी मोडला. एकदा म्हटलं पोरीले ताप आहे, एकदा म्हटलं माह्याच पोटात दुखते. एक तं माह्या हातानं झालं असताना मीच सही करून परत तिच्या ओठाले ब्लेड लावायले देऊ का. अन् दुसरं, डाक्टर विचारतीनच कसं झालं, मंग मी काय सांगू, अन् घरचे बाजूले उभे असतीन. पोरगी नऊ महिन्याची झाली होती अन् वजन पाच महिन्याच्या लेकराचं. अंगणवाडीच्या ताई वजन करून लिहून घेत. तिसऱ्यांदा नंबर लागला तवा हंगाम जोरात होता, ह्यायले सुट्टी नाही, आत्याबाईचे गुडघे धरलेले. मामाजी भिंतीले म्हणाले, 'अकोल्याले मी येतो म्हणा.'

डाक्टर बाई होती, माह्याहून पाच-सहा वर्षानं मोठी असन, आपल्याच बाजूची, बोलण्यावरून समजत होतं. मामाजी बाहेर बाकड्यावर बसले. तिनं पोरीच्या तोंडात बॅटरी मारून पाह्यलं, वजन पाहून मले रागावली, एवढा उशीर कावून केला म्हणे. मंग विचारायले लागली, नात्यात कोणाले असं होतं का, गरोदरपणात कोणत्या गोळ्या खाल्ल्या, काई आजार झाला का. प्रत्येक प्रश्नाले मी नाही म्हणत गेली, अन् तिनं विचारलं अजून काई सांगायचं आहे का, तं माह्या तोंडातून निघूनच गेलं. ग्रहण, सुपारी, अडकित्ता, सर्वं. इंग्रजी शब्दाचं बी सांगतलं, का मले माहीत आहे त्याचा अर्थ. मी रडत होती का नाही ते आठवत नाही, मास्क ओला झालेला आठवते.

ती हासली नाही. पेन खाली ठेवला तिनं.

'ग्रहण होतं तवा कितवा महिना होता?'

'सातवा.'

'लेकराचा ओठ दुसऱ्या महिन्यात बनते,' ती म्हणे, 'अन् टाळू तिसऱ्यात. तोंड दोन बाजूनं येते अन् मधात जुळते. तुमच्या पोरीचं जुळायचं राहिलं. कोणी कापलं नाही, जुळलंच नाही ते. सातव्या महिन्यात तिचं तोंड कवाचंच बनेल होतं, जसं आज आहे तसंच. दुसऱ्या महिन्यात तुमाले दिवस गेल्याचं तरी माहीत होतं का?'

मी म्हटलं नव्हतं.

'मंग? शब्द ज्यानं ठेवला त्यानं वरून पाह्यलं अन् ठेवला. त्याले आतलं काय माहीत.'

मी विचारलं, मंग कशानं झालं. ती म्हणे लय वेळा कारण सापडतच नाही. मले वाटलं होतं का हे ऐकून मी हलकी होईन. हलकी झाली, पण कशी, डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर चार पावलं चालता येत नाही तशी. नऊ महिने तो दोष एकच होता माह्याजवळ, रोज संध्याकाळी भाकरी थापताना मी त्याच्याशीच बोलायची. ऑपरेशनची तारीख घेतली, सही केली, पूर्ण नाव लिहून. ते ऑपरेशन झालं, नंतर टाळूचं बी झालं. प्राची आता पहिलीत आहे, ओठावर पांढरी रेघ आहे, थोडी नाकातून बोलते अन् दिवसभर बोलते.

पण तो दिवस तिथं संपला नाही. अकोला-अकोट एसटीत मामाजी खिडकीजवळ बसले, मंधात एक सीट सोडून मी, मांडीवर पोरगी. दुपारचं ऊन, बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या. मी पाहत होती त्यायच्याकडं, डावा हात दांड्यावर, उजवा मांडीवर पडलेला, अन् मले समजलं का मले आता जे माहीत आहे ते ह्या माणसाले माहीत नाही. घरी गेल्यावर मंधात भिंत येईन. मी म्हटलं, 'मामाजी.'

त्यायनं मान वळवून मांगं पाह्यलं, का कोण बोलली. मी परत म्हटलं, अन् सांगतलं, डाक्टरनं सांगतलं तसं सर्वं, पदर डोक्यावर होता पण तोंड त्यायच्याकडं होतं. ते ऐकत होते. चोहट्टा गाव मांगं गेलं. मंग मास्क खाली घेतला अन् डाव्या हाताची बोटं पुढच्या सीटवर ठेवली.

'पोळ्याले तुले उलट्या होत होत्या,' मामाजी म्हणाले. 'पुरणाचा वास चालत नव्हता.'

मी म्हटलं हो. ह्यायले बी माहीत नव्हतं ते त्यायनं भिंतीआडून ऐकलं होतं.

'म्हणजे पोळ्याले तोंड बनेल होतं?'

'हो.'

'मंग गणपती,' त्यायनं एक बोट दुमडलं, 'दसरा. दिवाळी. अन् ग्रहण त्याच्याबी नंतर.'

'हो, मामाजी.'

'परत सांग.'

मी परत सांगतलं. सासरा अन् सून एसटीत बसून सुनेचे महिने मोजून राहिले, पुढची बाई दोनदा वळून पाहून गेली. तीन वेळा मोजले त्यायनं, दर वेळी पोळ्यापासून, अन् दर वेळी ग्रहण शेवटच्या बोटावरच आलं. मंग हात मांडीवर घेतला.

'तुनं नाही म्हणायचं होतं मले,' ते म्हणाले.

'कशी म्हणू?'

त्यायनं मास्क परत वर घेतला. 'हो,' म्हणाले, 'ते बी खरं.'

अकोटले उतरलो अन् ते दहा पावलं पुढं चालायले लागले, मी मांगं, जशी रीत आहे. त्यानंतर ते चार वर्षं जगले अन् माह्याशी परत कधी बोलले नाही, चहा भिंतीलेच मांगत राहिले. मले वाईट नाही वाटलं. थोडं वाटलं.

घरी आलो तं आत्याबाई भाकरी करत होत्या, शेजारी अंबाडीची भाजी शिजत होती, पलीकडं रेचे चालू. त्यायनं तिथूनच विचारलं काय म्हणे डाक्टर. मामाजीनं ओसरीवर चप्पल काढता काढता सांगतलं, ऑपरेशनची तारीख देल्ली, अन् सुनेचा काई दोष नाही म्हणे.

'तिले दोष देल्ला कोणं?' आत्याबाई म्हणे.

मी पोरीले झोळीत टाकत होती, तशीच थांबली. खरंच, कोणं देल्ला होता. नऊ महिन्यात ह्या घरातलं मले कोणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. मी भिंतीकडं पाहून स्वतःच ऐकत बसली होती.

आत्याबाईनं पिठाचा गोळा हातात घेतला अन् थापायच्या ऐवजी धरून बसल्या. 'मले तं वाटे माह्यानंच झालं,' म्हणे, हळू, ओसरीवर ऐकू जाऊ नये अशा. 'नवीन लग्न झालं होतं माहं. माहेरी आली होती, तेल्हाऱ्याले. बाजारात एक बाई वांगे घेऊन बसे, तिचं तोंड असंच होतं. मैत्रिणी होत्या संगं. मी तिच्यापुढंच तिच्यासारखं नाकातून बोलून दाखवलं, वांगे कसे देल्ले म्हणून. सर्व्या हासल्या. प्राचीचं तोंड पाह्यलं फोनवर अन् मले तीच बाई दिसली.'

मले वाटलं सांगावं, का डाक्टर म्हणते ओठ दुसऱ्या महिन्यात बनते, टाळू तिसऱ्यात. तोंड उघडलं बी मी. पण तेल्हाऱ्याचा बाजार कोणत्या महिन्यात धरू. तवा तं हे बी जन्मले नव्हते. मी त्यायच्या बाजूले पाटावर बसली अन् विचारलं, ती बाई काय म्हणे तुमाले.

'काईच नाही. वांगे तोलून देल्ले अन् वरून एक जास्तीचं टाकलं,' आत्याबाई म्हणे, अन् तव्यावरची भाकर करपून राहिली होती ती हातानंच उलटली. 'काई तं म्हणायचं होतं तिनं.'